पावणेदोन तासांवरची लेक

लेक किती लांब राहते असं कुणी विचारलं, की सावकाशराव किलोमीटर सांगत नसत. "पावणेदोन तास," एवढंच म्हणत आणि समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघत राहत. समोरचा हमखास म्हणे, "अरे वा, मग जवळच की!" हे ऐकायला त्यांना फार आवडे. मग जरा वेळ जाऊ देऊन ते हळूच पुढचा शब्द सोडत, "विमानानं." आणि स्वतःच हसत. हसताना त्यांचे सगळे दात दिसत. ते दातही लेकीनंच बनवलेले होते, पण ते पुढं येईल.

सावकाशराव हे त्यांचं खरं नाव नव्हे. ते डेपोतल्या लोकांनी पाडलेलं. लांब पल्ल्याच्या बसवर ड्रायव्हर म्हणून त्यांचं आयुष्य गेलं आणि त्या आयुष्यात त्यांच्या तोंडून सगळ्यात जास्त वेळा बाहेर पडलेला शब्द हाच. चढणाऱ्याला सावकाश, उतरणाऱ्याला सावकाश, कंडक्टरनं घाईघाईत घंटी मारली तर त्यालाही आरशातून सावकाश. त्यांच्या हातून कधी कुणाला साधं खरचटलं नाही. गाडी उशिरा आली म्हणून मात्र लोकांनी त्यांना पोटभर शिव्या दिल्या, आणि त्यांनी त्या सावकाश ऐकून घेतल्या. बायको म्हणायची, "यांच्याशी भांडणसुद्धा धड होत नाही. माझा राग उतरत येतो तेव्हा कुठे यांचा चढायला लागतो."

ती घरीच शिवणकाम करायची. नवे कपडे शिवण्यापेक्षा जुने सुधारण्यात तिचा हात बसलेला होता. पँटची उंची कमी कर, कंबर ढिली कर, जॅकेटला नवीन चेन बसव, फाटलेल्या कोपराला आतून असं अस्तर लाव की कुणाला पत्ता लागू नये. खिडकीशी मशीन होतं आणि खिडकीखाली रस्ता. येणारं गिऱ्हाईक खालूनच पिशवी उंचावून दाखवायचं, आणि ही वरूनच मानेनं हो किंवा नाही म्हणायची. नवरा दोन रात्री बाहेर, एक रात्र घरी, असा हिशेब वर्षानुवर्षं चालला. त्या हिशेबात एकच मुलगी झाली, आणि ती बापाच्या अगदी उलट निघाली. चालायला शिकायच्या आधी पळायला लागली.

सावकाशरावांची गाडी ज्या शहरापर्यंत जायची, तिथंच पुढं लेकीला नोकरी लागली. हा योगायोग त्यांनी कुणाकुणाला सांगितला नाही ते विचारा. तो रस्ता त्यांच्या अंगात मुरलेला होता. संध्याकाळी सुटलेली गाडी दुसऱ्या दिवशी दुपारी पोचायची. मध्ये जुना पूल, ट्रकांची रांग लागणारा चढ, रेल्वेचं फाटक, आणि पहाटे चूळ भरायला थांबायची ती टपरी. डावा गुडघा त्या चढानं खाल्ला आणि उजवा खांदा त्या फाटकापुढच्या खड्ड्यांनी. निवृत्त झाल्यावरही दुखणं वर आलं की ते गुडघा चोळत म्हणायचे, "हा चढ आहे," आणि खांदा चोळत म्हणायचे, "हे फाटक."

आता त्यांच्या डेपोतली एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं त्या रितीपायी घडलं. गाडीवर असलेल्या ड्रायव्हरला वाईट बातमी सांगायची नाही. घरी कुणी आजारी पडो, कुणी जावो, घर जळो. माणूस स्टिअरिंगवर आहे तोवर त्याच्या कानावर काही घालायचं नाही. गाडी स्टँडला लागली, उतारू उतरले, इंजिन बंद झालं, हँडब्रेक ओढला, की मग कंट्रोलरनं जाऊन आधी त्याच्या हातातली किल्ली घ्यायची, त्याला खुर्चीवर बसवायचं, पाणी द्यायचं आणि नंतर सांगायचं. ही रीत कुठं लिहिलेली नव्हती. फार पूर्वी एका ड्रायव्हरला मधल्या थांब्यावर कुणीतरी त्याच्या मुलाचं सांगितलं होतं आणि पुढच्या वळणावर गाडी दरीत गेली होती. तेव्हापासून कुणाला ती शिकवावी लागली नाही.

सावकाशरावांनी ती रीत स्वतः भोगलेली होती. वडील गेले तेव्हा ते निम्म्या वाटेवर होते. बातमी फोनवरून सगळ्या थांब्यांवर पोचली, फक्त त्यांच्यापर्यंत पोचली नाही. त्या फेरीत टपरीवाल्यानं चहाचे पैसे घेतले नाहीत. फाटकवाल्यानं उगाच हात जोडले. कंडक्टर, जो एरवी तोंडाला कुलूप कसं असतं ते विसरलेला, तो मुकाट्यानं तिकिटं चाळत बसला. सावकाशरावांना वाटलं, आज जग जरा बरं वागतंय. डेपोत पोचल्यावर कंट्रोलरनं किल्लीसाठी हात पुढं केला, खुर्ची सरकवली, आणि पाण्याचा पेला बघताक्षणी त्यांना सगळं कळलं.

त्यांनी कुणावर राग धरला नाही. उलट आयुष्यभर ते हीच गोष्ट मोठ्या मायेनं सांगत आले. "सगळ्यांनी मिळून माझं दुःख पोटात ठेवलं," म्हणायचे, "आणि मला गाडी सुखरूप आणू दिली. यापेक्षा कुणी कुणासाठी काय करायचं?" बायको मशीनवरून मान वर न करता म्हणायची, "आणि त्या चहावाल्याला ठाऊक आणि मुलाला ठाऊक नाही, याचं काही नाही का वाटलं?" त्यावर सावकाशरावांना उत्तर सुचायला वेळ लागे, आणि तोवर ती दुसऱ्या पँटला लागलेली असे.

लेक कवळ्या बनवायच्या प्रयोगशाळेत काम करायची. लोकांच्या हिरड्यांचे साचे तिच्याकडं यायचे आणि ती त्यावर दात बसवायची, घासायची, रंग जुळवायची. पहिल्याच वर्षी तिनं बापाचा साचा घेतला आणि बापासाठी अशी कवळी बनवली की शेजाऱ्यांना सहा महिने पत्ता नव्हता. "माझ्या लेकीच्या दातांनी जेवतो मी," सावकाशराव सांगायचे. बायको म्हणायची, "आणि माझ्या कानाशी त्याच दातांनी बडबडता."

सुरुवातीला लेक बसनं यायची. मग पगार वाढला, विमानाची तिकिटं जरा आवाक्यात आली, आणि ती विमानानं यायला लागली. पहिल्या खेपेला तिनं फोनवर नकाशा उघडून बापाला दाखवला. दोन शहरांमध्ये एक सरळ रेघ होती आणि तिच्याखाली आकडा, आठशे किलोमीटर.

"चूक आहे," सावकाशराव म्हणाले. "अकराशेच्या वर आहेत. मी चालवलेत."

"ते रस्त्यानं, बाबा. हे आकाशातून."

"मग माझे तीनशे गेले कुठं?"

"वळणांत गेले."

त्यावर ते खूप वेळ त्या रेघेकडं बघत बसले. पूल नाही, चढ नाही, फाटक नाही. म्हणजे एवढी वर्षं झिजवलेला गुडघा त्या रेघेत कुठंच नव्हता. एखाद्याला वाईट वाटलं असतं. सावकाशरावांना नाही वाटलं. त्यांना हर्ष झाला. आपण ज्या वाटेवर रात्रीच्या रात्री घालवल्या, ती पोरगी पावणेदोन तासांत ओलांडून येते. आपली गाडी तेवढ्यात जुन्या पुलाशीसुद्धा पोचली नसती!

लेकीनं समजावून सांगितलं, की बाबा, पावणेदोन तास हे नुसतं हवेतलं. आधी विमानतळ गाठायचा, तो शहराच्या दुसऱ्या टोकाला. मग दोन तास आधी रांगेत उभं राहायचं. उतरल्यावर बॅगेची वाट बघायची, मग टॅक्सी. आणि तिकीट मिळायला हवं, धुकं नसायला हवं. अर्धा दिवस धरून चाला.

"ते स्टँडवरचं थांबणं झालं," सावकाशराव म्हणाले. "ते प्रवासात धरत नाहीत."

लेक हसली. तिनंही नाद सोडला. तेव्हापासून घरात सगळं पावणेदोन तासांत मोजलं जाऊ लागलं. बायको म्हणायची, एक जॅकेट उसवून परत शिवेपर्यंत पोरगी येऊन पोचेल. दोघंही त्या आकड्याच्या आधारानं राहत होते. घर लहान होतं, लेक नव्हती, पण आकडा होता.

मग बायकोचे पाय सुजायला लागले. आधी चपला बदलल्या, मग जिन्यात मध्येच थांबणं आलं, मग एका उशीच्या दोन आणि दोनाच्या चार झाल्या, कारण आडवं झालं की दम लागे. मशीनचं पायडल दाबवेना. खालून कुणी पिशवी उंचावली की ती नुसती मान हलवी, नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, औषधांवर राहील. किती दिवस राहील हे त्यांनी सांगितलं नाही आणि सावकाशरावांनी विचारलं नाही.

"तिला एकदा बोलावून घ्या," बायको म्हणाली.

"अगं, पुढच्या महिन्यात सुट्टी घेऊन येतेच आहे. कशाला तिचा जीव टांगणीला लावायचा? आणि वाटलंच तर पावणेदोन तासांचा तर प्रश्न."

"तुमचे पावणेदोन तास तुमच्याजवळच ठेवा. मला माझी मुलगी हवीय."

ते हसले. तिनं चिडून म्हटलेल्या गोष्टींवर हसायची त्यांना सवयच होती. त्या वेळी हसायला नको होतं, हे त्यांना फार उशिरा कळलं.

त्या आठवड्यात तिला इस्पितळात हलवावं लागलं. खोलीत चार खाटा, हिची भिंतीकडची. नाकाला नळी, उशाशी सतत बुडबुडणारी ऑक्सिजनची बाटली. गुरुवारी सकाळी डॉक्टरीणबाई तपासून गेल्या, दाराशी थांबल्या आणि बोटानं सावकाशरावांना बाहेर बोलावलं. "जवळचं कुणी बाहेरगावी असेल तर बोलावून घ्या," त्या म्हणाल्या. "आजच कळवा." आणि पुढच्या खोलीत गेल्या.

 भिंतीला धरून सावकाशराव बाकड्यावर बसले, चष्मा पुसला, आणि लेकीला फोन लावला. घंटी वाजत होती तोवर त्यांना खरं तेच सांगायचं होतं. अगदी ठरवलं होतं. तुझी आई चाललीय, असशील तशी नीघ. मग पलीकडून प्रयोगशाळेतल्या मशीनची घरघर ऐकू आली आणि तिचा आवाज आला, "बाबा? आई बरी आहे ना?"

आणि त्यांच्या डोळ्यांपुढं ती दिसली. एकटी, त्या परक्या शहराच्या गर्दीत, रस्ता ओलांडताना, रडत, टॅक्सी शोधताना. मग विमानात, अनोळखी माणसांमध्ये, मांडीवर हे एवढं ओझं घेऊन. मधे कुणी नाही, खुर्ची सरकवणारं कुणी नाही. वाटेवरच्या माणसाला असं सांगायचं?

"आहे आहे. जरा दम लागतोय म्हणून इस्पितळात आणलंय."

"इस्पितळात? मी निघू का आत्ता?"

"आत्ताच्या आत्ता असं काही नाही. पण ये. येऊन जा एकदा."

"दोन कवळ्या हातात आहेत, बाबा. उद्या द्यायच्यात. पण सोडून येते मी, दुसरं कुणी करेल. खरं सांगा, निघू?"

इथं सगळं होतं. एका शब्दावर होतं. तिनं स्वतःच दार उघडून धरलं होतं. सावकाशरावांनी डोळे मिटले.

"काम टाकून येऊ नकोस. उरकून घे. सावकाश ये."

"मग शनिवारी सकाळचं विमान घेते. चालेल? नक्की?"

"चालेल की. पावणेदोन तासांचा तर प्रश्न."

ते खोलीत परत आले. बायको जागी होती. तिनं डोळ्यांनीच विचारलं.

"येतेय."

"कधी?"

"परवा. सकाळी."

ती त्यांच्याकडं बघत राहिली. इतक्या वर्षांच्या संसारात ती त्यांना अस्तरासह उलटं करून बघू शकत होती. नळीमुळं तिला दोन-तीन शब्दांवर थांबावं लागे.

"सावकाश ये... म्हणालात ना?"

सावकाशराव चादरीची घडी सरळ करू लागले.

"अहो. मला आता... सावकाश जमायचं नाही. बोलवा तिला. आजच."

ते उठले. पुन्हा बाहेर आले, त्याच बाकड्यावर बसले, फोन हातात घेतला. नंबर समोर होता. अंगठा तिथवर गेला. आता फोन केला तर तिला कळेलच, की मघाशी बाबांनी लपवलं. म्हणजे तिच्या तोंडचं पाणी पळेल, आणि ती त्याच अवस्थेत निघेल. आणि डॉक्टरीणबाईंनी तरी दिवस कुठं सांगितला होता? आज जरा बरी दिसतेय. सकाळी दोन घास पेज घेतली. परवा म्हणजे काही फार नाही. ते बाकड्यावर बराच वेळ बसून राहिले, समोरून औषधांची गाडी गेली, एक बाई रडत गेली, एक माणूस नव्या बाळाचे कपडे घेऊन गेला. मग त्यांनी फोन खिशात टाकला आणि आत जाऊन बायकोला सांगितलं,

"लागत नाहीये फोन."

तिनं मान भिंतीकडं केली. नंतर तिनं पुन्हा विचारलं नाही. फोन लागत नाही म्हटल्यावर ती तरी काय करणार होती?

शुक्रवारी दिवस कलताना ती गेली. तिची धाकटी बहीण तेव्हा तिथं होती. तिनंच पहिल्यांदा ओळखलं की बाटली बुडबुडतेय पण छाती हलत नाहीये. सावकाशराव खाटेच्या पायथ्याशी उभे होते. त्यांनी बायकोची पावलं चादरीवरून धरून ठेवली. सूज उतरली का, हे ते उगाच बघत होते. रडू आलं ते फार नंतर, तिची पिशवी आवरताना. पिशवीत एक जॅकेट निघालं. इस्पितळात येताना तिनं बरोबर घेतलं होतं, जमलं तर हातानं चेन लावीन म्हणून. अर्धी चेन लावून झाली होती आणि सुई तशीच टोचलेली होती.

मेहुणीनं डोळे पुसले आणि म्हणाली, "भावोजी, पोरीला फोन करा. नाहीतर मी करते."

"नको."

"नको काय? आई गेलीय तिची!"

"तिला उद्या प्रवास करायचाय. उतरू दे तिला. उतरली की मी सांगेन." आणि मेहुणीच्या हातातला फोन त्यांनी अलगद काढून घेतला, अगदी किल्ली काढून घ्यावी तसा. "हे माझ्यावर सोड."

मेहुणीला हे पटलं नव्हतं. पण ज्याची बायको समोर पडलीय त्याच्याशी वाद कोण घालणार? 

थोड्या वेळानं लेकीचाच फोन आला. आवाजात काम उरकल्याचा हलकेपणा होता. "बाबा, झालं सगळं, बॅगही भरली. आईला द्या ना फोन."

"झोपलीय," सावकाशराव म्हणाले.

"बरं, झोपू दे. उठवू नका. तिला सांगा, सुईत दोरा ओवायचं छोटं यंत्र मिळालंय मला. बटण दाबलं की दोरा आत. आता डोळे बारीक करत बसायला नको."

"सांगतो."

"तुमचा आवाज असा का येतोय?"

"इथं रेंज नाही. तू नीट ये."

सकाळी ते विमानतळावर वेळेच्या कितीतरी आधी जाऊन उभे राहिले. आयुष्यात ते तिथं पहिल्यांदा आले होते. आजवर लेक टॅक्सीनं घरी यायची. तुमच्या येण्याजाण्याचा खर्च कशाला, म्हणायची. सगळीकडं काच आणि फरशी, आणि माणसं आपापल्या बॅगा ओढत निघालेली. एका मोठ्या फलकावर शहरांची नावं आणि वेळा उमटत होत्या. लेकीच्या शहरापुढं उशीर असं लिहून आलं. मग आणखी उशीर. त्यांनी शेजारच्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, "तिकडं धुकं आहे. विमानात बसवून ठेवलं असेल बिचाऱ्यांना. हे असंच असतं हो."

सावकाशराव कठड्याला धरून उभे राहिले. लेकीनं तेव्हा बोटांवर मोजून दाखवलेलं एकेक त्यांना आठवू लागलं. विमानतळ शहराच्या दुसऱ्या टोकाला, रांग, धुकं, बॅग, टॅक्सी. हे सगळं त्यांनी स्टँडवरचं थांबणं म्हणून सोडून दिलं होतं. गुरुवारी सकाळी ती निघाली असती, तर हे सगळं धरूनही संध्याकाळी खाटेशी पोचली असती. नंतर तिच्या आईला अख्खी रात्र मिळाली असती आणि अख्खा दिवस. त्यांनी पुन्हा मोजलं. पुन्हा तेवढंच आलं.

शेवटी फलकावर विमान उतरल्याचं आलं. ते तरीही थांबले. दारं उघडली असतील, शिडी लागली असेल, इंजिन बंद झालं असेल. काचेचं दार सरकत होतं, माणसं येत होती, कुणी कुणाला मिठ्या मारत होतं. आणि लेक आली. घाईत, नेहमीसारखी, बॅग मागं उड्या मारतेय, आणि बाप समोर दिसल्यावर आश्चर्यानं हसली.

"तुम्ही इथं? आईपाशी कोण आहे मग?"

 सावकाशरावांनी पुढं होऊन तिच्या हातातून बॅगेची मूठ घेतली. भिंतीला लागून खुर्च्यांची ओळ होती. "बस," ते म्हणाले. पिशवीतून त्यांनी पाण्याची बाटली काढली, झाकण फिरवलं आणि तिच्यापुढं धरली. "पाणी घे."

आजोबांच्या मरणाची ती गोष्ट लेकीनं लहानपणापासून शंभरदा ऐकली होती. तिनं बाटलीकडं बघितलं आणि तिच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी थांबलं.

"कधी?" तिनं विचारलं.

"काल. दिवस मावळायच्या आधी."

"काल मी फोन केला होता. झोपलीय म्हणालात."

"तुला निघायचं होतं. वाटेवर कुणाला..." त्यांनी बाटली आणखी पुढं केली. "वाटेवरच्या माणसाला सांगू नये. रीत आहे ती. नीट पोचावीस म्हणून."

 लेक ओरडली असती तर बरं झालं असतं. ती इतकी हळू बोलली की त्यांना वाकावं लागलं.

"मी चालवत नव्हते, बाबा. मी नुसती बसले होते."

समोरून माणसं येत राहिली, बॅगांची चाकं फरशीवर खडखडत राहिली. सावकाशरावांच्या हातातली बाटली तशीच पुढं धरलेली होती. एवढ्या वर्षांत हा साधा विचार त्यांच्या मनाला शिवला नव्हता.

"आईनं विचारलं होतं मला?"

आता खोटं बोलायचं एकही कारण त्यांच्याजवळ उरलं नव्हतं. गाडी लागली होती, इंजिन बंद होतं, आणि पुढं कुठं जायचंही नव्हतं. त्यांनी बाटली खाली ठेवली.

"विचारलं होतं. आजच बोलवा म्हणाली होती. गुरुवारी. मी बाहेर गेलो, फोन हातात घेतला, आणि लावला नाही. तिला सांगितलं, लागत नाही म्हणून."

"म्हणजे तिला वाटलं, मीच फोन उचलला नाही?"

"काय वाटलं ते बोलली नाही. भिंतीकडं तोंड केलं."

लेकीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तिच्या मांडीवरची छोटी पर्स घसरून खाली पडली आणि तिच्यातून ते दोरा ओवायचं यंत्र फरशीवर घरंगळलं. सावकाशराव दुखऱ्या गुडघ्यावर वाकले, ते उचललं, शर्टाला पुसलं. तिला द्यावं की नाही, हे त्यांना कळेना. तिला हात लावावा की नाही, हेही कळेना. मेहुणीचं ऐकलं असतं, बायकोचं ऐकलं असतं, त्या क्षणी फोनवर विचारणाऱ्या या पोरीचं ऐकलं असतं! तिघींनी तीनदा सांगितलं आणि त्यांनी ऐकलं एका जुन्या डेपोचं.

"कुठं आहे आई?"

"इस्पितळातच. तुझ्यासाठी थांबवलंय सगळं."

ती उठली. बापाच्या हातातली बॅग तिनं घेतली नाही, त्यांच्याकडं बघितलंही नाही. काचेचं दार सरकलं आणि ती बाहेरच्या उन्हात चालू लागली, मग भरभर, मग जवळजवळ पळतच, टॅक्सीच्या रांगेकडं. एका मोटारीनं जोरात हॉर्न वाजवला. ती थांबली नाही. सावकाशराव बॅग ओढत तिच्या मागं निघाले. सवयीनं एक शब्द त्यांच्या तोंडाशी आला. तिनंच बसवून दिलेले दात त्यांनी घट्ट आवळले, आणि लंगडत, धापा टाकत, आयुष्यात पहिल्यांदा ते घाईनं धावू लागले.